घार समजून सोडलेले, गरुड समजून मोजलेले
वाचकांचे प्रश्न : शिकारी पक्षी

पाऊस ओसरला की बडोद्याच्या आभाळात शिकारी पक्ष्यांची वर्दळ वाढते आणि त्यांच्याविषयीच्या पत्रांचीही. या खेपेच्या पत्रांत निम्म्याहून अधिकांचा सूर एकच होता : 'सोबत फोटो जोडला आहे, हा कुठला गरुड?' फोटो पाहिले तर बहुतेक घारीच. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. घार सगळ्या कोनांतून ओळखता आली की बाकीच्यांचं काम पुष्कळ सोपं होतं, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

प्रश्न (कारेलीबाग) : जून-जुलैत आमच्या गच्चीवरून घारी जवळपास दिसतच नव्हत्या. आता रोज संध्याकाळी त्या रांगेने एकाच दिशेला जातात. त्याच परत आल्या की या वेगळ्या? काही जरा थोराड वाटतात.

उत्तर : काही परत आलेल्या आहेत, काही पाहुण्या. आपल्याकडची कायमची घार जोराच्या पावसात मुक्काम हलवते. पंख ओले, जमीन तापलेली नाही, त्यामुळे वर उचलून नेणारी गरम हवा मिळत नाही. मग ती कमी पावसाच्या भागाकडे सरकते आणि सप्टेंबरात परतू लागते. मुंबईतही पावसाळ्यात हेच दिसतं. ऑक्टोबरपासून तिच्यात उत्तरेकडून आलेल्या काळ्या कानाच्या घारी मिसळतात. दिल्लीत हिवाळ्यात ट्रान्समीटर बसवलेल्या अशा घारी उन्हाळ्यात हिमालय ओलांडून मध्य आशिया आणि दक्षिण सायबेरियापर्यंत गेलेल्या आहेत.

थोराड वाटतात हे निरीक्षण बरोबर आहे. पाहुणी घार अंगाने भरलेली आणि पंखाने रुंद असते. पंखाखाली, टोकाच्या पिसांच्या मुळाशी फिकट पट्टा असतो. स्थानिक घारीत तो लहान आणि मळकट, तर पाहुणीत मोठा, पांढरा आणि लांबूनही लक्ष वेधणारा असतो. पाहुणीच्या डोळ्यामागे गडद डाग ठळक दिसतो, शेपटीच्या मुळाकडचं पोट फिकट असतं. चोचीच्या मुळाशी असलेली कातडी स्थानिक घारीत पिवळी, पाहुणीत निळसर राखी. अडचण अशी, की या दोघींच्या मधल्या रूपाच्या घारीही असतात आणि स्थानिक घारीची पहिल्या वर्षातली पिल्लंही अंगावर फिकट रेघा मिरवतात. या सगळ्या खुणा एकाच पक्ष्यावर दिसल्या तरच वहीत 'काळ्या कानाची' लिहा, नाहीतर नुसतं 'घार' पुरे.

संध्याकाळची रांग रातथाऱ्याकडे, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या जागेकडे, जाणारी आहे. मोजायचं असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी गच्चीवर एक ठरावीक रेषा पकडा, पाण्याची टाकी ते समोरचा टॉवर अशी, आणि ती ओलांडणाऱ्या घारीच तेवढ्या मोजा. घिरट्या घालणारा थवा मोजायला गेलात तर एकच घार चारदा मोजाल. दर पंधरवड्याला एकदा, मार्चअखेरपर्यंत मोजलंत तर पाहुण्या कधी आल्या आणि कधी गेल्या ते आकड्यांतच दिसेल.

प्रश्न (मांजलपूर) : पुस्तकातल्या चित्रांत रंग स्पष्ट असतात. आभाळात मात्र सगळं काळंच. मिळतात पाच-दहा सेकंद. तेवढ्यात नेमकं काय बघायचं?

उत्तर : रंग सर्वांत शेवटी. नवख्यांचं बहुतेक चुकतं ते इथेच. पिसांचा रंग वयानुसार, नर-मादीनुसार आणि झिजेनुसार बदलतो, शिवाय उजेडाविरुद्ध तो दिसतच नाही. आकार आणि उडण्याची ढब मात्र काळ्या सावलीतही दिसते.

पक्षी बघण्याच्याही आधी तारीख बघा. जूनमध्ये बडोद्याच्या आसपास दिसणारे शिकारी पक्षी म्हणजे बहुतांशी घार, शिक्रा, कापशी, तिसा, मोहोळघार, सापावर जगणारे गरुड आणि एखादी तुरमती. भोवत्या (हॅरियर), खरुची (केस्ट्रेल), कैकर (ऑस्प्रे), स्टेप गरुड, ठिपकेदार गरुड, बूटेड ईगल ही मंडळी साधारण सप्टेंबरअखेर ते एप्रिलची. ऐन पावसाळ्यात कुणी स्टेप गरुड पाहिल्याचं सांगितलं तर ते अशक्य नाही, पण पुरावा भक्कम हवा.

मग पंखाचं टोक. टोकदार आणि मागे झुकलेलं असेल तर ससाण्यांच्या कुळाकडे बघा. टोकाशी पिसं सुटी सुटी, बोटांसारखी पसरलेली असतील तर ती बोटं मोजा. फोटोत हे सहज जमतं. शिक्र्याला पाच, घारीला सहा, स्टेप आणि ठिपकेदार यांसारख्या मोठ्या गरुडांना सात. 'गरुड' म्हणून पाठवलेले फोटो आम्ही आधी याच चाळणीतून काढतो.

त्यानंतर पक्षी समोरून येताना पंख कसे धरतो ते. भोवत्या पंख वर उचलून उथळ 'व्ही' करतो. ठिपकेदार गरुड तरंगताना पंखांची टोकं खाली झुकवतो. घार पंख किंचित कमानदार ठेवते आणि शेपटी सारखी डावी-उजवीकडे पिळत राहते. ही पिळणारी शेपटी एवढी हुकमी खूण आहे, की तिच्यासाठी दुर्बीणही लागत नाही. घारीच्या शेपटीच्या खाचेवर मात्र फार विसंबू नका. शेपटी पूर्ण पसरली की खाच नाहीशी होऊन कड सरळ दिसते.

लांबी-रुंदीचा अंदाज मोकळ्या आभाळात हमखास फसतो, कारण शेजारी तुलनेला काही नसतं. कावळा त्याच्या मागे लागला तरच आकाराबद्दल बोला. कावळे शिकारी पक्ष्यांच्या मागे लागतातच, तेवढी वाट पाहा.

प्रश्न (रावपुरा) : आमच्या वाड्यात पावसाळाभर एक शिक्रा मुक्कामाला होता. राखी पाठ, शेपटीवर पट्टे. पण रात्री-अपरात्री तो इतका ओरडायचा की झोपेचं खोबरं झालं. शिक्रा रात्री ओरडतो?

उत्तर : ओरडत नाही. तुमचा पाहुणा पावशा होता, कोकिळेच्या कुळातला. 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत आवाज चढवत नेतो, शिगेला पोचला की एकदम थांबतो आणि क्षणभराने पहिल्यापासून सुरू करतो, तो हाच. चांदण्या रात्री तर त्याला चेवच येतो. रूप मात्र थेट शिक्र्याचं. चिमण्या-बुलबुलही त्याला पाहून कलकलाट करतात, तेव्हा माणसाचा घोटाळा व्हायचाच.

दोघांना जवळून बघायची संधी मिळाली तर आधी चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि मुळापासूनच खाली वळलेली असते, टोकाला आकडी. पावशाची चोच सरळसोट, बारीक, टोकाशी जराशी झुकलेली. मग पाय. शिक्र्याचे पाय लांब, पिवळे, उघडे, फांदीवर घट्ट रोवलेले. तीन बोटं पुढे, एक मागे. पावशाचे पाय आखूड, पोटाच्या पिसांत जवळजवळ लपलेले, दोन बोटं पुढे, दोन मागे. बसण्याची पद्धतही निराळी : शिक्रा ताठ उभा, पावशा अंग आडवं ठेवून पंख खाली सोडून बसतो. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. शिक्र्याच्या नराचा डोळा लाल, मादीचा पिवळा ते नारिंगी.

जुलै-ऑगस्टात यात आणखी एक घोळ असतो. नुकती उडायला लागलेली शिक्र्याची पिल्लं तपकिरी असतात, छातीवर थेंबांच्या आकाराचे उभे ठिपके, गळ्याच्या मधोमध एक काळी रेघ. पावशाच्या पिल्लाच्याही छातीवर ठिपके असतात. तिथे रंग सोडून पाय आणि चोच एवढंच बघा.

याच निमित्ताने : हिवाळ्यात शिक्र्यासारखाच, पण जरा भारदस्त पक्षी दिसला तर तो युरेशियन स्पॅरोहॉक असू शकतो. त्याच्या पंखाला बोटं सहा, पंखाखाली सगळीकडे दाट आडवे पट्टे, गळ्यावर ती मधली रेघ नाही. शिक्र्याचा पंख खालून फिकट, टोकं तेवढी काळी.

प्रश्न (गोत्री) : पादऱ्याच्या रस्त्याला शेतावर एक पक्षी हवेत एका जागी थांबून पंख फडफडवत खाली बघत असतो. हा खरुची ना?

उत्तर : महिना लिहिला असता तर निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळालं असतं. मे ते ऑगस्टमध्ये पाहिला असेल तर जवळपास नक्कीच कापशी. पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग, लाल डोळा, बारा महिने इथेच. हवेत थांबते तेव्हा पंख उंच उचललेले, पाय खाली लोंबकळत, आणि उंदीर दिसला की एका दमात न झेपावता टप्प्याटप्प्याने खाली उतरते. खरुची ऑक्टोबर ते एप्रिल. पाठ विटकरी, पंख टोकदार, शेपटी लांब. थांबताना ती पंख्यासारखी पसरते तेव्हा टोकाचा काळा पट्टा स्पष्ट दिसतो. नराचं डोकं राखी, मादीचं तपकिरी.

पक्षी घारीपेक्षा मोठा, खालून पांढरट, डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि उंचावर जड पंखांनी तरंगत थांबलेला असेल, तर सापमार गरुड. पाण्यावर थांबणारा काळा-पांढरा कवड्या धीवर शिकारी पक्ष्यांत मोडत नाही, पण त्याचेही फोटो येतात म्हणून सांगून ठेवलं. आणि त्याच रस्त्याच्या तारांवर तपकिरी, आळशासारखा बसलेला, पांढऱ्या गळ्यावर काळ्या रेघा, डोळे पांढुरके, असा पक्षी दिसला तर तो तिसा. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, गाडी थांबवली तरी तो बराच वेळ बसून राहतो. शिकायला त्याच्याइतका सोयीचा शिकारी पक्षी नाही.

प्रश्न (अलकापुरी) : डिसेंबरात मुलांना घेऊन वढवाणा तलावाला जायचं आहे. शिकारी पक्षी दिसावेत म्हणून कसं नियोजन करावं?

उत्तर : डभोई तालुक्यातला हा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला, 2021 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत. लोक जातात ते बदकं आणि राजहंस बघायला. पण जिथे हजारो बदकं तिथे त्यांच्यावर डोळा असणारेही आलेच.

दोन सत्रं धरा. उजाडल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत पाण्यावरचे शिकारी, साडेनऊ ते साडेअकरा आभाळातले. हिवाळ्यात जमीन तापून गरम हवा वर चढायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी मोठे गरुड झाडांवर नाहीतर बांधावर बसूनच असतात. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडा. उजेडाच्या विरुद्ध बाजूला उभे राहिलात तर अर्धी सकाळ नुसत्या सावल्या बघण्यात जाईल.

पाण्यावर मुलांना पक्षी शोधायला सांगू नका, बदकं बघायला सांगा. वारकरी, म्हणजे चांदवे, एकाएकी एकमेकांना चिकटून गोळा झाले आणि पाणी उडवत पळू लागले तर वेतांवरून दलदली भोवत्या येतो आहे. तो पंख 'व्ही'त धरून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून हळूहळू पालथं घालत येतो. मादी गडद चॉकलेटी, माथा आणि गळा मलईसारखा. नरात तपकिरी, राखी आणि काळा असे तीन रंग. त्याच्या कंबरेवर पांढरा डाग नसतो. किनाऱ्यावरचे चिखले आणि तुतवार क्षणात थव्याने उठले, चारी दिशांना फुटले, तर वर बघा. बहुधा बहिरी ससाणा असतो.

कैकर आला तर मात्र बदकं जागची हलत नाहीत. तो फक्त मासे खातो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पांढरं पोट, डोळ्यातून जाणारा गडद पट्टा, लांब पंख मनगटात वाकलेले. पाण्यावर थांबतो, पाय पुढे करून आपटतो, वर येऊन अंग झटकतो आणि मासा डोकं पुढे करून धरून नेतो. तलावातल्या वाळक्या खोडांवर त्याची जागा ठरलेली असते. एकदा उडाला तरी तासाभरात तिथेच परत येण्याची शक्यता मोठी, तेव्हा त्याच्या मागे धावू नका.

ठिपकेदार गरुड हा वढवाण्यासारख्या पाणथळीतला मोठा ऐवज. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो असुरक्षित गटात आहे. पूर्ण वाढलेला जवळपास काळा. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाच्या पंखांवर पांढरे ठिपके ओळीने. घोटाळा होतो तो स्टेप गरुडाशी. बसलेला जवळून दिसला तर तोंडाची पिवळी फट बघा. ठिपकेदाराची डोळ्याच्या मध्यापर्यंत येऊन थांबते, स्टेपची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते. नाकपुडी ठिपकेदाराची गोल, स्टेपची लांबट. उडताना स्टेपच्या पिल्लाच्या पंखाखाली मधोमध रुंद पांढरा पट्टा असतो, तो किलोमीटरभरावरूनही चुकत नाही. स्टेप पाणथळीपेक्षा उघडी शेतं, उकिरडे आणि मेलेली जनावरं टाकायच्या जागा पसंत करतो आणि बराच वेळ जमिनीवर बसून असतो.

मुलांना भडक कपडे घालू नका. बांधावरून पळापळ झाली की पुढचा तासभर सगळं पाण्याच्या मध्यावर जाऊन बसतं.

प्रश्न (अकोटा) : वेळावदरला काढलेला भोवत्याचा फोटो पाठवत आहे. तपकिरी रंग, कंबरेवर पांढरा पट्टा. पांढुरका की माँटेग्यूचा?

उत्तर : भावनगरजवळच्या त्या गवतात हिवाळ्यात संध्याकाळी शेकडो भोवत्या मुक्कामाला उतरतात, त्यामुळे तुम्ही योग्य जागी गेलात. नर असता तर एका ओळीत उत्तर झालं असतं : पांढुरक्या नराच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर, माँटेग्यूच्या नराच्या पंखावर शिवाय आडवी काळी रेघ आणि पोटावर तांबूस रेषा. माद्या आणि पिल्लं ही खरी परीक्षा. कंबर दोन्हीकडे पांढरी, म्हणून ती सोडा आणि चेहरा बघा. पांढुरक्याच्या गालावरच्या गडद डागाच्या मागे फिकट गळपट्टा असतो, त्याच्यामागे मानेची बाजू परत गडद. माँटेग्यूला असा गळपट्टा नसतो, डोळ्याभोवती मात्र पांढरं जास्त. पोटावर रेघा असतील तर मादी, पोट सलग तांबूस असेल तर पहिल्या वर्षाचं पिल्लू.

तुमच्या फोटोत पोट सलग तांबूस आहे, गळपट्टाही स्पष्ट आहे : पांढुरका, या वर्षीचं पिल्लू. पुढच्या वेळी पंख खालून दिसेल असाही एक फोटो घ्या. पाठमोरा फोटो सुंदर आला तरी नाव ठरवायला बहुतेकदा कुचकामी.

प्रश्न (फतेगंज) : टिंबी तलावावर मे महिन्यात घारच वाटली, पण शेपटी गोल. पिसं गळाल्यामुळे असं होतं का?

उत्तर : होतं. विणीनंतर, उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, घार पिसं बदलते. मधली पिसं आखूड असली की खाच भरून आल्यासारखी वाटते, पंखात फटी दिसतात आणि बोटांची मोजणीही चुकते. पण फटी नसताना शेपटी स्वच्छ गोल असेल, पंख आखूड-रुंद असतील आणि तेही पाण्याजवळ, तर ब्राह्मणी घारीचं पिल्लू समजा. मोठी ब्राह्मणी घार विटकरी-पांढरी, कुणीही ओळखेल. पिल्लू मात्र तपकिरी असतं आणि वर्षभर घार म्हणूनच मोजलं जातं.

प्रश्न (वाडी) : पूर्वी गावाबाहेर गिधाडं दिसायची. आता बडोद्याजवळ काही आशा?

उत्तर : पांढऱ्या पाठीचं आणि लांब चोचीचं गिधाड सहज दिसेल असं सांगणं फसवणूक होईल. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. जनावरांसाठी ते 2006 मध्ये बंद झालं, केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक 2023 मध्ये. घरी गाय-म्हैस असेल तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा, ते गिधाडांना सुरक्षित आहे. पांढरं गिधाड, म्हणजे इजिप्शियन, अजून अधूनमधून दिसतं : पांढरं अंग, काळी पंखपिसं, पिवळा चेहरा, पाचरीसारखी शेपटी. त्याचं पिल्लू काळपट असतं आणि तेही 'गरुड' म्हणून आमच्याकडे येतं.

प्रश्न (दांडियाबाजार) : दर उत्तरायणाला गच्चीत एखादी तरी मांजात अडकलेली घार सापडते. नेमकं काय करावं? गेल्या वर्षी हळद लावली, पाणी पाजलं, तरी गेली.

उत्तर : हळद आणि पाणी दोन्ही टाळा. हळद, मलम, तेल यांनी पिसं चिकटतात आणि जखम साफ करणं अवघड होतं. चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. धक्क्यात असलेला पक्षी त्यानेच दगावतो. दूध, पाव, मांस, काहीही देऊ नका.

आधी पतंग उडवणाऱ्यांना थांबवा आणि दोर सैल करा. मग मागच्या बाजूने जाऊन जाड सुती चादर किंवा पंचा पूर्ण अंगावर टाका, डोकं झाकलं जाईल असा. अंधार झाला की घार एकदम शांत होते. भीती चोचीची कमी, पायांची जास्त. चादरीवरूनच दोन्ही पाय एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने पंख अंगाशी मिटवा. नखं हातात रुतलीच तर हिसडा देऊ नका. तिचा पाय सरळ ताणा, पकड सुटते.

मांजा मांसात रुतलेला असेल तर ओढायचा नाही. दोन्ही बाजूंना तीन-चार इंच सोडून कात्रीने कापायचा, बाकीचं डॉक्टर बघतील. बहुतेक वेळा कापली जाते ती पंखाच्या पुढच्या काठाची, खांदा ते मनगट यांमधली कातडी. ओढताना ती आणखी फाटते आणि बरी होऊ शकणारी घार कायमची जायबंदी होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाने पाच मिनिटं हलका दाब द्या, मधेमधे उचलून बघू नका.

मग खोका. दोन फूट लांब, दीड फूट रुंद पुरतो. बाजूंना खालच्या भागात बोट जाईल एवढी आठ-दहा भोकं, तळाला घडी घातलेलं सुती कापड. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. पिंजरा तर मुळीच नको, सळ्यांवर आपटून उरलेली पिसंही मोडतात. खोका बंद करून लाउडस्पीकरपासून लांब, सावलीच्या खोलीत ठेवा आणि 1962 ला, करुणा अॅम्ब्युलन्सला, फोन करा. उत्तरायणाच्या दिवसांत करुणा अभियानाखाली उपचारकेंद्रंही चालू असतात. शिकारी पक्षी घरी पाळणं कायद्याने गुन्हा आहे, उपचाराच्या नावाखालीसुद्धा.

घारी सकाळी रातथारा सोडताना आणि संध्याकाळी परतताना सर्वांत जास्त अडकतात, म्हणून त्या दोन वेळा पतंग खाली ठेवा. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, पण सुती मांजाही काचेची पूड लावलेला असतो आणि तोही कापतो. 15 तारखेनंतर झाडांवर आणि तारांवर लोंबणारे तुकडे गोळा करा. फेब्रुवारीत सापडणाऱ्या घारी बहुधा त्यांतच अडकलेल्या असतात.

प्रश्न (निझामपुरा) : पहिली दुर्बीण कुठली घ्यावी? मुलाचा आग्रह जास्तीत जास्त झूमचा आहे.

उत्तर : 8×42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची. झूमवाली नको. 10 पटींच्या वर हात हलतो आणि उडता पक्षी चौकटीत सापडतच नाही. कॅमेऱ्याने आभाळातला पक्षी टिपताना एक्सपोजर एक ते सव्वा स्टॉप वाढवा, शटर 1/2000च्या आसपास; नाहीतर पोट काळं येतं आणि मग आम्हाला बोटं मोजत बसावं लागतं.

प्रश्न (सयाजीगंज) : कॉलनीच्या निलगिरीवर घारीचं घरटं आहे. मार्चपासून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालते. घरटं काढून टाकता येईल का?

उत्तर : अंडी किंवा पिल्लं असताना हात लावणं बेकायदा आहे, आणि त्याची गरजही नसते. अंडी उबायला महिनाभर, पिल्लं उडायला आणखी सुमारे दीड महिना. झडपा याच काळात पडतात, त्याही पिल्लं मोठी होताना जास्त. घार पाठमोऱ्या माणसावर मागून येते. उघडी छत्री घेऊन चाला, किंवा झाडाखालून जाताना तिच्याकडे तोंड ठेवा. सगळ्या रहिवाशांना त्रास नसेल, एक-दोघांनाच असेल, तर ते झाडाजवळच्या गच्चीवर वारंवार जातात का ते बघा. वाळवण आणि टाकीची कामं तेवढे दिवस दुसऱ्या गच्चीवर न्या. त्या भागात मटणाचे तुकडे टाकणं कुणी करत असेल तर ते बंद करा, कारण हातातल्या पिशवीवर झडप घालायला घारी त्यातूनच शिकतात. पिल्लं उडून गेल्यावर, मे-जूनमध्ये, रिकामं घरटं काढायचं असेल तर आधी वनखात्याला कळवा. पुढच्या हिवाळ्यात जोडी बहुधा त्याच झाडावर परत येते, त्यामुळे छत्र्या माळ्यावर टाकू नका.